दहा कोटी एक लाख साठ हजार चौसष्ट

निमिषच्या अंत्यविधीच्या सकाळी, सात वाजून दहा मिनिटांनी, निमिषचा मेसेज आला.

रवींद्र तेव्हा कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधल्या आपल्या टाउनहाउसमध्ये आरशासमोर उभा राहून काळ्या कोटाचं बटण लावत होता आणि ते लागत नव्हतं. कोट बारा वर्षांपूर्वीचा, पोट आत्ताचं. फोन वाजला. वर नाव निमिषचं, खाली नुसता आकडा. १०००००३. पंचवीस वर्षं रोज सकाळी यायचा तसाच, ना नमस्कार ना चमत्कार.

हुशार माणसाला घाबरायलाही सवड लागते, आधी तो कारण शोधतो. रवींद्रला कारण लगेच सापडलं. नोकरी गेल्यावर रिकामपणात निमिषने गॅरेजमध्ये पेढ्यांच्या खोक्याएवढा एक कॉम्प्युटर बसवला होता. त्यात एक फाइल. फाइलमध्ये ओळीला एक संख्या. ही डबी रोज सकाळी एक ओळ उचलायची आणि निमिषच्या नावाने रवींद्रला पाठवायची. बायपासच्या आधी निमिषने वर्षभराचा साठा भरून ठेवला होता. "मी सहा आठवडे आडवा असणार रव्या, पण तुझी सुटका नाही." ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी तो गेला. डबीला ते कोणी कळवलं नव्हतं.

कारण कळलं म्हणून बटण लागलं असं नाही. ते शेवटी बायकोने, रत्नाने, लावून दिलं.

खेळ जुना होता. एकाने संख्या पाठवायची, दुसऱ्याने ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावायच्या आत तिचा गुण सांगायचा. मूळ संख्या आहे, की तिचे अवयव पडतात. पडत असतील तर कोणते. कोणाचा वर्ग आहे का, घन आहे का. कॅल्क्युलेटर चालेल. नेटवर शोधलं तर बाद. आठवड्यात जो जास्त चुकेल त्याने शनिवारी दुसऱ्याच्या घरी नाश्ता घेऊन जायचं. पंचवीस वर्षांत रवींद्रने इतके ढोकळे वाहिले होते की दुकानदार त्याला गुजराती समजायचा.

निमिषला मूळ संख्यांचं वेड. ज्यांना एक आणि स्वतः सोडून कोणीच भागू शकत नाही, त्या त्याच्या मते घरंदाज. सम संख्येला तो म्हणायचा, दार सताड उघडं टाकून झोपलेलं घर. दोन कधीही आत शिरतो. आणि सगळ्यात लाडक्या होत्या त्या सोंगाड्या. दिसायला घरंदाज, आतून फुटलेल्या. एकदा त्याने सात आकडी १००००‌०९ पाठवली होती. रवींद्रने बिनधास्त 'मूळ' म्हणून कळवलं. उत्तर आलं, "२९३ गुणिले ३४१३. ढोकळ्याबरोबर हिरवी चटणी आण."

त्यामुळे अंत्यविधीच्या सकाळी रवींद्र बिनधास्त नव्हता. फ्यूनरल होमच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून तो भागत बसला. दहा लाख तीनचं मूळपण सिद्ध करायचं तर हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. तो चारशेच्या पुढे पोचला तेव्हा गुरुजींनी आत बोलावलं. आत निमिष फुलांत होता. रवींद्र मागच्या रांगेत बसला आणि मांडीवर फोन ठेवून पुढे भागत राहिला. मंत्र संपता संपता त्याने दोन अक्षरं पाठवली. 'मूळ.'

पहिल्या रांगेत निमिषच्या बायकोच्या, आसावरीच्या, पर्समध्ये त्याचा फोन किणकिणला. तिने मान वळवली. शंभर माणसांतून तिने बरोबर रवींद्रकडे बघितलं. रागाने नाही. हजेरी घेताना बघतात तसं.

पुढे तिने फोन बंद केला नाही, डबीही नाही. "राहू दे भावोजी," ती म्हणाली. "सकाळी तिचा दिवा हिरवा होतो तेव्हा मी चहा घेऊन गॅरेजमध्ये जाऊन उभी राहते. मग पंधरा-वीस मिनिटांनी तुमचं उत्तर येतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण घरात बोलणं झाल्यासारखं वाटतं."

तर असा सात-आठ महिने मेलेल्या माणसाशी रोजचा पत्रव्यवहार चालू होता. रत्ना नाश्त्याला विचारायची, "काय, आज वरून प्राइम आला की कॉम्पोझिट?" रवींद्र हसायचा. हसून झालं की ऑफिसच्या वाटेवरच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये थांबायचा, भागत बसायचा, आणि भागता भागता एकाच ठिकाणी येऊन अडायचा.

निमिषला कळलं होतं का?

एवढंच त्याला हवं होतं. बाकी सगळ्याचा त्याने निकाल लावून ठेवला होता.

रवींद्र हा दोन रकाने आखून जगणारा माणूस. घर घेताना, गाडी घेताना, मुलीचं कॉलेज ठरवताना त्याने कागद मधोमध दुमडला होता. दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, वरून फोन आला की टीममधून कमी करायचं एक नाव दे, शुक्रवारपर्यंत. तेव्हाही त्याने कागद दुमडला. उरलेल्या सगळ्यांना वगळून शेवटी दोन राहिले. डाव्या बाजूला निमिष: सगळ्यात अनुभवी, पासपोर्ट अमेरिकन, मुलगा आर्य कमावता, घर जवळजवळ फिटलेलं. उजव्या बाजूला कांचन: एकोणतीस वर्षांची, नागपूरची, काम बरं, व्हिसावर. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर बॅगा भरा. कागद काय सांगत होता ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. रवींद्रने डावं नाव दिलं. आजही कागद पुढे ठेवलात तर तो तेच नाव देईल, आणि मला वाटतं वाचणाऱ्यांपैकी निम्मे देतील.

कागदावर न मावलेली गोष्ट दुपारी घडली. सकाळी नऊला निमिषला व्हिडिओ कॉलवर निरोप दिला गेला. बारा वाजता रवींद्रने त्याला फोन केला आणि म्हणाला, "अरे, मला आत्ता कळतंय. मला काहीच आयडिया नव्हती यार."

पलीकडून निमिष म्हणाला, "असू दे."

शनिवारी रवींद्र ढोकळा घेऊन गेला. त्या आठवड्यात चूक निमिषची होती, तरी.

*

यंदा चौदा नोव्हेंबर गुरुवारी आला. त्या कॉलला बरोबर दोन वर्षं. रवींद्रने तारीख मनात धरली नव्हती असं तो रत्नाला शपथेवर सांगेल. सात दहाला फोन वाजला.

१००१६००६४.

दहा कोटी एक लाख साठ हजार चौसष्ट. सम. शेवटी चार. अंकांची बेरीज अठरा, म्हणजे नवानेही भाग जातो. निमिषने असलं उघड्या दाराचं घर आजवर कधी पाठवलं नव्हतं. रवींद्रच्या हातातला टोस्ट तसाच राहिला. संख्या सोपी होती म्हणून नाही. ती त्याच्या ओळखीची होती. म्हणजे तिची शेजारीण ओळखीची होती.

पंचवीस वर्षांपूर्वी कंपनीत रुजू व्हायच्या दिवशी ओळखपत्रांच्या रांगेत निमिषला नंबर मिळाला १०००७ आणि रवींद्रला १०००९. दोन तासांपूर्वी एकमेकांचं नावही ठाऊक नव्हतं. निमिषने दोन्ही कार्डं शेजारी धरली आणि ओरडला, "अरे, दोन्ही मूळ! जोडमूळ संख्या आहेत या!" दोन मूळ संख्या, मध्ये फक्त एकच संख्या. त्याहून जवळ त्यांना येताच येत नाही. कॅफेटेरियात त्याने पेपर नॅपकिनवर गुणाकार केला. १००१६००६३. "ही आपली संख्या. हिला भागायला जगात दोघंच, तू आणि मी." पुढे ती त्यांचा सगळीकडचा पासवर्ड झाली, ट्रिपच्या व्हॅनवर चिकटवायचा कागद झाली, आर्यच्या बारशाच्या पाकिटावरची सही झाली.

आणि आज, त्याच तारखेला, मेलेल्या माणसाने तीच संख्या पाठवली होती. एकाने जास्त.

आता खेळाचा साधा नियम असा की वर्ग आहे का ते आधी बघावं. शाळेतला पोर बघेल. रवींद्रने नाही बघितलं. अपराधी माणसाला आरसा दिला की तो फक्त स्वतःच्या नाकावरचा डाग बघतो. त्याला 'एकाने जास्त' एवढंच दिसलं. तू, मी, आणि वर एक. तू वर कळवलंस ते नाव. त्याने उत्तर पाठवलं नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

गाडी पुलावर आली. खाडीचं पाणी ओहोटीला लागून चिखल उघडा पडला होता. पुढच्या गाडीचा नंबर, तिच्या पुढच्या गाडीचा नंबर, सगळ्यांत तो नऊने भाग जातो का बघत होता आणि सगळ्यांत जात होता, किंवा त्याला तसं वाटत होतं. ऑफिसच्या दाराशी कार्ड लावलं. नव्या पोरांचे नंबर सहा आकडी. त्याचं कार्ड इतकं झिजलेलं की फोटोतल्या सत्तावीस वर्षांच्या रवींद्रला नाक उरलेलं नव्हतं. दहाच्या मीटिंगला त्याने सवयीने माणसं मोजली. आठ. बोलावली होती सात. पुन्हा मोजली. सात. बोलता बोलता नजर फिरली, आठ. त्याने खुर्च्या मोजल्या.

"आर यू ओके?" डायरेक्टरने विचारलं.

"काउंटिंग," रवींद्र म्हणाला.

घरी जिना तेरा पायऱ्यांचा. एकवीस वर्षं तो मोजत चढला होता. त्या संध्याकाळी चौदा भरल्या. तो परत खाली गेला, परत चढला, चौदा. तिसऱ्यांदा खाली निघाला तेव्हा रत्ना वरून म्हणाली, "फिटबिटचे स्टेप्स कमी पडले का?" जेवायला बसताना त्याने ताटं घेतली. रत्नाने बघितलं आणि विचारलं, "कोण येतंय?"

टेबलावर तीन ताटं होती.

"कोणी नाही," तो म्हणाला, आणि तिसरं ताट उचलताना त्याला जे वाटलं ते त्याने बायकोला सांगितलं नाही. ताट कोमट होतं. डिशवॉशरमधून नुकतं काढलेलं असेल. नक्कीच असेल. बाकीची दोन त्याने हात लावून बघितली नाहीत.

शुक्रवारी सात दहाला पुढची संख्या आली. त्याने ती उघडलीच नाही.

*

शनिवारी अकरा वाजता तो जवळच्या नाइल्समध्ये आसावरीकडे गेला. दार कांचनने उघडलं. हातात उलथनं, गालाला पीठ.

"या सर. मावशी आंघोळीला गेल्यात. आज थालीपीठ आहे, तुमचा ढोकळा ऑप्शनला टाका."

निमिष गेल्यापासून कांचनच आसावरीची उजवी बाजू झाली होती. आर्य सिॲटलला; तो रविवारी फोन करायचा. डॉक्टरकडे नेणं, फॉर्म भरणं, बाग बघणं, गुडघ्याला मलम चोळणं हे सगळं कांचन करायची. कोणी सांगितलं नव्हतं. निमिषने तिला काम शिकवलं होतं, एवढंच ती म्हणायची.

रवींद्र तिच्याकडे बघायचं टाळत सोफ्यावर बसला. आसावरी आली. ओले केस, एका हातात काठी.

"गुरुवारपासून तुमचं उत्तर नाही," ती म्हणाली. "मी काल रत्नाला फोन करणार होते. म्हटलं ताप-बिप आला की काय."

"वहिनी, मला निम्याची ती फाइल बघायचीय."

"पुढचे आकडे? ते तर तुमच्यात चीटिंग ना?"

"पुढचे नाही. गुरुवारचा. त्याने काही लिहून ठेवलंय का बघायचंय."

आसावरी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, "कांचन, गॅस बारीक ठेव गं, आम्ही आलोच," आणि गॅरेजचं दार उघडलं.

गॅरेजमध्ये गाडी नव्हती. एक सायकल, तांदळाची पोती, निमिषची चप्पल भिंतीला लागून, पंजे बाहेरच्या दिशेला. फळीवर ती डबी. तिचा दिवा हळूहळू उजळायचा, हळूहळू विझायचा, झोपलेल्या माणसाची छाती हलते तसा. डबीखाली शाळेत मिळते तसली शंभर पानी वही होती. तिच्यात फाइलमधल्या प्रत्येक संख्येचं उत्तर निमिषने आधीच लिहून ठेवलं होतं. स्वतः शुद्धीवर नसताना रवींद्रने चुकीचं उत्तर दिलं तर नंतर पकडता यावं म्हणून. असला कोकणी बंदोबस्त.

आसावरीने पान काढून दिलं. तिला शोधावं लागलं नाही.

चौदा नोव्हेंबरसमोर त्या बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलं होतं: *१०००८ चा वर्ग. सुलेखा. रव्याला सुटेल. सुटलं की येऊन विचारेल.*

रवींद्रने दोनदा वाचलं. त्याच्या तोंडून निघून गेलं, "सुलेखा कोण?"

आणि विचारता विचारता त्याला ती दिसली. ओळखपत्रांच्या रांगेत. निमिषच्या मागे आणि त्याच्या पुढे. सोलापूरची, जाड वेणी, खांद्यावर लाल पिशवी. जोडमूळ संख्यांच्या मध्ये एक संख्या असतेच, तीन-पाचची जोडी सोडली तर नेहमी सहाने भाग जाणारी, आणि त्या दोघींचा गुणाकार करून एक मिळवला की त्या मधलीचा वर्ग मिळतो. नेहमी. सातवीच्या बीजगणितात बसतं हे. त्या दिवशी निमिष जोडमूळ म्हणून ओरडला तेव्हा ती आपलं कार्ड वर करून म्हणाली होती, "आणि मी काय, मधली भिंत?" तिघं हसले होते. नॅपकिन त्याच टेबलावर लिहिला गेला होता, तिच्याच पेनाने. पंचवीस वर्षं ही गोष्ट सांगताना रवींद्र दोनच माणसं सांगत आला होता.

"ती परत गेली ना? दोन हजार एकला? सगळेच जात होते तेव्हा."

"सगळे जात नव्हते," आसावरी तांदळाच्या पोत्यावर टेकली. "तुम्ही नाही गेलात. हे लीड होते. यांच्याकडे एक नाव मागितलं. खाली दोघं उरला होतात, तुम्ही आणि ती. दोघं व्हिसावर. रत्नाला सातवा महिना होता. यांनी तिचं नाव दिलं. तेव्हा साठ दिवस-बिवस काही नव्हतं. आठ दिवसांत गेली ती. एअरपोर्टला सोडायला हेच गेले होते; नाव यांनीच दिलंय हे तिला माहीत नव्हतं. आल्यावर तीन दिवस जेवले नाहीत. मी खनपटीला बसले तेव्हा सांगितलं."

रवींद्र उभाच होता. दिवा उजळला, विझला.

"मला कधी बोलला नाही."

"काय बोलणार? ती गेली म्हणून तू आहेस? तुमच्या अनिकाच्या प्रत्येक वाढदिवसाला केक कापताना तुम्हाला ते आठवायला हवं होतं का?"

त्याने वही मिटली. मग एकदम म्हणाला, "वहिनी, दोन वर्षांपूर्वी निम्याचं नाव..."

"माहीत आहे."

"तुम्हाला?"

"अहो भावोजी." ती थकल्यासारखी हसली. "ज्याने एकदा नाव दिलंय, त्याला नाव कोण देतं हे सांगायला लागतं? कॉल संपला, साडेनऊला हे किचनमध्ये आले, पाणी प्याले आणि म्हणाले, रव्याने दिलं. मी तुम्हाला शिव्या घातल्या. चांगल्या घसघशीत. तर मला म्हणाले, ओरडू नकोस, मी पण हेच केलं असतं, आणि तो येऊन सांगेल. मला म्हणाले, त्याने सांगितलं की मी त्याला सुलेखाचं सांगेन. दोघांचं फिटेल. दुपारी तुमचा फोन आला. स्पीकरवर होता."

*मला काहीच आयडिया नव्हती यार.*

"शनिवारी तुम्ही आलात, ढोकळा घेऊन," ती म्हणाली. "हे सकाळपासून दाढी करून बसलेले. तुम्ही ट्रॅफिकचं बोललात. पुढच्या शनिवारी गाडीच्या सर्व्हिसिंगचं. मी मोजलेत भावोजी, अडुसष्ट शनिवार. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात वही लिहीत होते, मी म्हटलं आता तुम्हीच सांगून टाका त्याला. म्हणाले, मी सांगितलं तर तो माफी मागेल. त्याने आधी सांगायला हवं."

"चिडला होता का तो?"

"नाही. तेच तर. वाट बघत होते."

रवींद्रला वाटलं होतं, निमिषला कळलं होतं असं कळलं तर छातीवरचा दगड तरी हलेल. कळलं नव्हतं असं कळलं तर कायमचा बसेल. दोन रकाने त्याने तयारच ठेवले होते. हे तिसरंच होतं. दर शनिवारी समोर बसून, दाढी करून, चटणी वाढत एक माणूस वाट बघत होता आणि आपण त्याला ऑइल चेंजचं सांगत होतो. चप्पल भिंतीशी होती. त्याने तिकडे बघायचं टाळलं आणि मग बघितलंच.

"मीच दिलं वहिनी," तो म्हणाला. डबीकडे बघून म्हणाला, आसावरीकडे नाही. "नाव मी दिलं. आणि फोनवर खोटं बोललो." आवाज घोगरा, शाळेत उभं राहून कबूल करणाऱ्या पोरासारखा. एवढ्याच दोन वाक्यांसाठी अडुसष्ट शनिवार गेले होते आणि बोलायला दहा सेकंद लागली नाहीत.

आसावरीने मान हलवली. ती मान 'बरं' अशीही होती आणि 'आता काय' अशीही. मग तिने विचारलं, सहज, चौकशी केल्यासारखं:

"दुसरं नाव कोणाचं होतं?"

"कुठलं दुसरं?"

"एक मागितलं म्हणजे शेवटी दोन उरतात. यांच्या वेळी तुम्ही आणि सुलेखा. तुमच्या वेळी हे आणि कोण?"

रवींद्र वही डबीखाली परत सरकवू लागला.

आत तव्यावर थालीपीठ उलटल्याचा चर्र आवाज आला. कांचन काहीतरी गुणगुणत होती, सूर अधूनमधून चुकत होता. आसावरीचं डोकं त्या आवाजाकडे वळलं नाही, पण रवींद्रचे डोळे गेले. अर्ध्या क्षणाकरता. दोन वर्षं बायकोपासून लपवलेलं नाव त्याने अर्ध्या क्षणात देऊन टाकलं. दुसऱ्यांदा नाव दिलं म्हणायचं.

आसावरीने ते डोळे बघितले. व्हिसावर, त्याच टीममध्ये, त्याच वर्षी. तिला कागद दुमडावा लागला नाही.

"वहिनी, तिला यातलं काही..."

"गप्प बसा," ती म्हणाली. हळू, पण आजवर तिने त्याला असं कधी म्हटलं नव्हतं.

निमिषने तेवीस वर्षं तोंड शिवून जे होऊ दिलं नव्हतं, ते रवींद्रने मन हलकं करायला येऊन पाव तासात केलं होतं. आसावरीच्या घरात आता सकाळी चहा करणारी, गुडघ्याला मलम चोळणारी, फॉर्मवर 'इमर्जन्सी कॉन्टॅक्ट' म्हणून सही करणारी मुलगी नुसती मुलगी राहिली नव्हती.

दार उघडलं. "मावशी, गार होतंय. सर, तुम्ही पण चला ना," कांचन म्हणाली. "लोणी कमी आहे, पहिल्या दोघांनाच मिळेल."

आसावरी उठायला गेली आणि गुडघ्यात अडली. कांचन दोन ढांगांत आली आणि रोजच्यासारखा तिने हात पुढे केला, तळवा वर, बोटांना पीठ.

आसावरी त्या हाताकडे बघत राहिली.

रवींद्रला वाटलं, आता ती काठी घेईल. काठी तिच्या शेजारीच पोत्याला टेकलेली होती. कांचनही जराशी गोंधळली. "काय झालं? खूप दुखतंय का?"

"नाही गं," आसावरी म्हणाली, आणि तिने हात धरला. उठली. दारातली पायरी चढताना तिने सगळा भार त्या मुलीवर टाकला, गरजेपेक्षा जरा जास्तच, आणि मागे वळून न बघता म्हणाली, "भावोजी, येताना गॅरेजचा लाइट बंद करा."